खिडकीतली बाई आणि १२ टक्के

"ॲपवर काढा ना तिकीट, खिडकीवर जातं कोण आता?" २०२३च्या जुलैत, रेल्वेच्या तिकीटखिडक्या बंद होणार ही बातमी आल्यावर, इंग्लंडमधल्या आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हे टाकलं आणि गणपतीच्या हॉलच्या भाड्यावरून होते तेवढी वादावादी झाली. ग्रुपवर बहुतेक सगळे आयटीतले, त्यांच्या लेखी हा विषय कधीच संपलेला. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं आणि ग्रुपवर टाकण्याजोगं राहिलं नाही. तेच इथे सविस्तर लिहितेय. उशीर झालाय खरा, पण त्यामुळे शेवट काय झाला तेही सांगता येईल.

आधी काय झालं ते. ५ जुलै २०२३ ला इंग्लंडमधल्या शेकडो स्टेशनांवर एकदम नोटिसा लागल्या. रेल्वे कंपन्यांची मिळून रेल डिलिव्हरी ग्रुप नावाची संस्था आहे. तिने जाहीर केलं की पुढच्या तीन वर्षांत बहुतेक तिकीटखिडक्या बंद करायच्या, मोजक्या मोठ्या स्टेशनांवर तेवढी काहीतरी सोय राहील. बंद होणाऱ्या खिडक्यांचा आकडा हजाराच्या आसपास होता. आतली माणसं म्हणे बाहेर येतील, मशीनपाशी आणि प्लॅटफॉर्मवर उभी राहून लोकांना मदत करतील. कारण एकच, पण सगळीकडे छापून आलेलं: १९९५ साली १०० पैकी ८५ तिकिटं खिडकीवर विकली जात, आता फक्त १२. कोणाची हरकत असेल तर २१ दिवसांत कळवावी.

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. बाबा मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. सुरुवात कर्जत लाइनवर, नंतर बरीच वर्षं कल्याणला, आणि रिटायर झाले तेही खिडकीवरूनच. त्यामुळे 'खिडकीवर जातं कोण' हे वाक्य वाचून मला जरा जास्तच राग आला असेल, हे मान्य. आमच्या घरात संध्याकाळचं वातावरण त्यांची कॅश जुळली की नाही यावर ठरायचं. शॉर्ट आली की डेबिट निघायचं, डेबिट पगारातून जायचं, आणि आई त्या महिन्यात फोडणीला तेल कमी घालायची. खिडकीच्या आतला माणूस तिकीट फाडण्यापलीकडे काय काय करतो, हे मला दहाव्या वर्षीच पाठ होतं.

इथे इंग्लंडमध्ये ज्या स्टेशनवरून मी कामाला जाते त्याचं नाव लिहीत नाही, कारण खिडकीत एकच बाई असते आणि ती लगेच ओळखू येईल. दोन प्लॅटफॉर्म, मधे पूल, एक लिफ्ट, ती अधूनमधून बंद. बाहेर चहा-कॉफीची टपरी. खिडकी सकाळी साडेसहाला उघडते, दुपारी बंद होते. मी स्वतः तिकीट फोनवरच काढते, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे मी त्या १२ टक्क्यांत कधीच मोजली गेले नसते.

पण त्या बाईकडे माझं काम पडलंय. आपल्याकडच्या लोकांना इथल्या भाड्याचं गणित समजायला एक जन्म पुरत नाही. ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून), सुपर ऑफ-पीक, ॲडव्हान्स (आधी काढलेलं, ठरल्या गाडीचं), मग सवलतीची वेगवेगळी रेलकार्डं, आणि कोणतं कार्ड सकाळी किती वाजेपर्यंत चालत नाही ते वेगळंच. चुकीचं तिकीट घेऊन गाडीत बसलात तर इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून दंड १०० पौंड, वर भाडं. २१ दिवसांच्या आत भरलात तर निम्मा. मशीनला हे सगळं विचारता येत नाही. मशीन तुम्ही दाबलेलं देतं, तुम्हाला हवं असलेलं देतंच असं नाही. खिडकीतली बाई मात्र विचारते, "परत कधी येणार? मग हे नको, हे घ्या." हे वाक्य म्हणून ती कितीदा कमी पैशांचं तिकीट देते. आणि तिने ज्याला समजावलं तो पुढच्या वेळी फोनवर काढतो. मग विक्री फोनच्या खात्यात जमा होते, समजावणं कुणाच्याच खात्यात नाही. तेव्हा १२ टक्के हा आकडा खोटा नव्हता, फक्त तो विकलेल्या तिकिटांचा होता. सांगितलेल्या वाटा, थांबवलेली भांडणं, चुकून उतरलेल्या म्हाताऱ्याला परतीच्या गाडीत बसवणं हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

नोटीस लागली त्या आठवड्यात संध्याकाळी स्टेशनबाहेर युनियनची माणसं उभी होती. आरएमटी, म्हणजे रेल्वे, जहाज आणि वाहतूक कामगारांची मोठी युनियन. त्यांचे त्या वेळचे सरचिटणीस मिक लिंच तोवर सगळ्यांना माहीत झालेले, कारण जून २०२२ पासून संपांची मालिकाच चालू होती. क्लार्क आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांची टीएसएसए वेगळी, ती तर १८९७ ची. दोघींचाही विरोध होता, पण आमच्या स्टेशनबाहेर रस्त्यावर जास्त दिसली ती आरएमटी.

मला वाटलं होतं घोषणा असतील. कल्याणच्या द्वारसभा पाहिलेल्या, मेगाफोन, लाल झेंडे, 'कोण म्हणतो देणार नाही'. इथे चार जण पावसाची जाकिटं घालून पत्रकं वाटत होते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते: सही करून थांबू नका, हरकत लिहून पाठवा. कुठे पाठवायची तो पत्ता पत्रकावर होता. एक प्रौढ गृहस्थ, बहुधा गार्ड असावेत, मला म्हणाले की माझ्या पगाराबद्दल लिहू नका, तुमची अडचण काय होईल ते लिहा.

या सगळ्या मोहिमेची किल्ली त्या वाक्यात होती असं मला आता वाटतं. ती कायद्यातली आहे, त्यामुळे थोडं किचकट लिहावं लागेल.

१९९० च्या दशकात इथल्या रेल्वेचं खासगीकरण झालं तेव्हा तिकीटविक्रीबद्दल कंपन्यांमध्ये एक करार झाला. त्याच्या सतराव्या परिशिष्टात खिडक्यांच्या वेळा बांधून दिल्या आहेत. त्यात मोठा बदल करायचा तर कंपनीने स्टेशनवर नोटीस लावायची, लोकांनी प्रवाशांच्या अधिकृत संस्थांकडे हरकती द्यायच्या. या संस्था दोन: देशभरासाठी ट्रान्सपोर्ट फोकस आणि लंडन भागासाठी लंडन ट्रॅव्हलवॉच. संस्थेने आक्षेप घेतला आणि कंपनीशी जमलं नाही तर निर्णय वाहतूकमंत्र्यांकडे. म्हणजे खिडकी किती ते किती उघडी हवी, हे कागदावर आहे. आणि खिडकी उघडी म्हणजे आत माणूस असणार.

प्लॅटफॉर्मवर 'फिरत्या' माणसाच्या वेळा मात्र अशा कुठेही बांधलेल्या नव्हत्या. आज तो सकाळी सहा ते रात्री आठ आहे, उद्या दहा ते दोन होईल, परवा तीन स्टेशनांना मिळून एक होईल. कोणाची परवानगी लागणार नाही, कुठे नोटीस लागणार नाही. काच काढून माणूस बाहेर आणतोय, असं कंपन्या सांगत होत्या. त्या काचेमागच्या वेळांनाच तर कायद्याचा आधार होता. ग्रुपवरच्या कोणालाही मी हे पटवू शकले नाही, कारण त्यांना खिडकी म्हणजे तिकीट विकायची जागा एवढंच दिसत होतं.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना एका वाक्यात कळलं. म्हणाले, "अगं, माणूस कोणी काढत नाही. पोस्ट सरेंडर करतात. एक जण रिटायर होतो, त्याची जागा भरत नाहीत. रिलिव्हर मिळत नाही म्हणून दोन नंबरची खिडकी बंद. मग वर्षभराने रिपोर्ट जातो की दोन नंबरच्या खिडकीवर सेलच नाही. बंद असलेल्या खिडकीवर सेल कुठून असणार?"

लंडनच्या लोकांना हा चित्रपट आधी दिसलेला होता. २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, तिकीटखिडक्या बंद होऊ देणार नाही म्हणून सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत जवळजवळ सगळ्या बंद करण्याची योजना आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये संप झाला. आरएमटीचे तेव्हाचे नेते बॉब क्रो त्यानंतर महिनाभरात, मार्चमध्ये, अचानक वारले. २०१५ संपेपर्यंत ट्यूबच्या खिडक्या गेल्याच. तिथेही 'माणसं बाहेर येतील' हेच सांगितलं होतं. माणसं आली, पण कमी केलेली, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्या कमी केलेल्या जागांवरूनच पुन्हा ट्यूब बंद पडली. त्या संपानंतर काही जागा परत भरायचं व्यवस्थापनाला कबूल करावं लागलं.

जमिनीखालच्या स्टेशनांना तरी एक वेगळा आधार आहे. १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉसच्या लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली, ३१ माणसं गेली. त्यानंतर १९८९ मध्ये जमिनीखालच्या स्टेशनांसाठी अग्निसुरक्षेचे नियम आले आणि किमान किती कर्मचारी हवेत हे त्यांत आलं. आमच्यासारख्या उघड्यावरच्या स्टेशनांना असं काही नाही. आम्हाला आहे ती खिडकी.

आमच्या इथल्या प्रचारात सगळ्यात जोरकस बोलले ते अपंग प्रवासी. अंध लोकांसाठी काम करणारी आरएनआयबी ही मोठी संस्था. तिच्या पाहणीत तिकीट मशीन विनाअडचण वापरू शकणारे दृष्टिहीन लोक फक्त ३ टक्के निघाले, आणि ५८ टक्के म्हणाले की आम्हाला मशीन वापरणं अशक्यच आहे. काचेच्या सपाट पडद्यावर बोटाला काय लागणार? खिडकी जाग्यावर असते, काठी टेकत तिथवर जाता येतं. 'फिरता' मदतनीस नेमका कुठे फिरतोय हे ज्याला दिसत नाही त्याने कसं शोधायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि कोणाही कंपनीकडे त्याला धड उत्तर नव्हतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गाडीत चढायला रॅम्प लागतो, रॅम्प लावायला माणूस लागतो. आमच्या स्टेशनवर लिफ्ट बंद पडली की ती खिडकीतली बाईच फोन करून पुढच्या स्टेशनवरून टॅक्सीची व्यवस्था करते. हे मी पाहिलेलं आहे.

काही अपंग प्रवाशांनी वकिलामार्फत नोटीस दिली की ही सल्लामसलतच धड नाही, अवघड कागद, थोडे दिवस, आमच्यासाठी वाचता येईल अशा स्वरूपात काहीच नाही. मँचेस्टरचे अँडी बर्नहॅम आणि आणखी चार महापौर कोर्टात जायची तयारी करू लागले. मग २६ जुलैची मुदत १ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. माझ्या मते लढाई तिथेच फिरली. पहिले २१ दिवस बहुतेक लोकांना नोटीस वाचून व्हायच्या आतच संपले असते.

त्या वाढीव मुदतीत, ऑगस्टमध्ये, बाबा इकडे आले होते.

त्यांना विमानतळावरून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच म्हणाले, तुझी ती नोटीस दाखव. नोटिशीसमोर चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले, पूर्ण वाचली, आणि म्हणाले, "ड्राफ्टिंग चांगलं आहे." कारकुनाने कारकुनाला दिलेली पावती. मग रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, मी फोनवर काढते. "काढ तुझं."

साठीच्या पुढच्यांसाठी इथे सीनियर रेलकार्ड मिळतं, तेव्हा ३० पौंडांना वर्षभराचं. भाड्यात एक तृतीयांश सूट. हे बाबांना मी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की पाहुण्यांना मिळत नसेल. खिडकीतल्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपणहून विचारलं, किती दिवस आहात, कुठे कुठे जाणार? पासपोर्ट बघितला, कार्ड करून दिलं. बाबांनी रोख पैसे मोजून दिले. तिने मोजले. त्यांनी ती मोजताना पाहिली, आणि मला मराठीत म्हणाले, "हात बसलेला आहे."

मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं. ३८ वर्षं, इंडियन रेल्वेज, बुकिंग. बाबांचं इंग्रजी सगळं रेल्वेच्या फॉर्ममधलं आहे, पण समोरच्या बाईचंही तेच असल्यामुळे त्यांना माझी गरज पडली नाही. पहिला प्रश्न, कॅश शॉर्ट आली तर? ती हसायला लागली. खुलासा द्यावा लागतो म्हणाली, फार झालं तर साहेब बोलावतो. "पगारातून नाही?" बाबांना हे फारच आवडलेलं दिसलं. पाठीमागे सायकल धरून एक गृहस्थ उभे होते. इंग्रज माणूस रांगेत बोलत नाही, पण त्यांच्या श्वासांचा आवाज वाढला होता. मी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि ते गेल्यावर हे दोघे जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू झाले.

पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांवर बोलणं आलं. बाबांनी हाताने दाखवलं, तिकीट खाचेत सारलं की खट्, तारीख उमटली. तिला ते माहीत होतं. इथे ब्रिटिश रेलने ती तिकिटं १९९० मध्ये बंद केली, तिच्या आधीच्या पिढीतल्या लोकांनी ती विकली होती. आणि गंमत अशी की ही पद्धत इथलीच. थॉमस एडमंडसन हा लँकेस्टरचा फर्निचर बनवणारा माणूस, धंदा बुडाला म्हणून १८३० च्या दशकात कार्लाइलजवळच्या एका लहानशा स्टेशनवर नोकरीला लागला. तोपर्यंत प्रत्येक तिकीट हाताने लिहून द्यायचे. त्याने क्रमांक छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे केले, म्हणजे किती विकले आणि गल्ल्यात किती हवेत हे संध्याकाळी ताडून बघता येईल. पुढे कल्याणला आमच्या घरी तेल कमी पडायचं त्याचा उगम हा असा.

त्या बाईला मी विचारलं, खिडकी बंद झाली तर काय करणार? ती म्हणाली, बाहेर उभं राहायचं म्हणतात, पण बाहेर म्हणजे कुठे ते विचारलं तर कोणी सांगत नाही. हिवाळ्यात प्लॅटफॉर्मवर आठ तास उभं राहायचं वय नाही माझं. पुढे ती काही बोलली नाही, आणि मीही खणलं नाही. तिची नोकरी होती, माझा ब्लॉग.

घरी आल्यावर बाबा १९७४ बद्दल बोलले. ८ मे १९७४ चा रेल्वेचा संप, जॉर्ज फर्नांडिस, २० दिवस. बाबांची तेव्हा नोकरी नवीन होती. क्वार्टर रिकामं करायच्या धमक्या, अटका, कामावरून काढलेले मित्र. तो संप पगार-बोनससाठी होता, आणि लोकांची सहानुभूती होती तरी लोक लांबच होते, असं त्यांचं म्हणणं. "गाड्या बंद म्हणजे लोकांचे हाल, मग लोक आपल्या बाजूने किती दिवस राहणार? तुमच्याकडच्यांनी हे बरं केलं. संप वेगळा ठेवला, हे वेगळं ठेवलं." पूर्णपणे वेगळं ठेवलेलं नव्हतं खरं तर. जुलैत २०, २२ आणि २९ तारखांना आरएमटीचा संप होता, पुढे २६ ऑगस्ट आणि २ सप्टेंबरलाही, आणि त्या वादात खिडक्याही होत्या. पण रस्त्यावर पत्रक देताना युनियन पगाराचा शब्द काढत नव्हती, हे त्यांनी बरोबर हेरलं.

आपल्याकडे हा कायदा का नाही, यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. मुंबईच्या लोकलला एटीव्हीएम, म्हणजे तिकिटाची मशीन, आली, ती चालवून द्यायला रिटायर झालेले रेल्वेवालेच कमिशनवर उभे केले, मग २०१४ पासून तिकिटाचं यूटीएस ॲप. खिडक्या कमी होत गेल्या. "आपल्याकडे हरकत कुठे घ्यायची? खिडकीवर कागद चिकटतो, पुढच्या खिडकीवर जा. पुढची खिडकी म्हणजे पुलाच्या पलीकडे." मुंबईत गर्दी एवढी आहे की मशीन आणि ॲप लागणारच, हे मी म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर होतं की मशीनला विरोध कोणी केलाय, मशीन आणा आणि माणूसही ठेवा. मला यात काही चुकीचं दिसलं नाही.

मी माझी हरकत ऑगस्टअखेर पाठवली. बाबांनी तपासून दिली. त्यांनी दोन विशेषणं काढून टाकली आणि लिफ्टच्या बंद असण्याबद्दलचा परिच्छेद वर घेतला. मुद्दा असा मांडला की आमच्याकडे आई-वडील भारतातून येतात, त्यांच्याकडे इथलं बँक कार्ड नसतं, खिशात रोख असते, इथला फोन नंबर नसतो. ते एकटे गाडीने जायचे ते खिडकीच्या भरवशावर. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे कार्यक्रमाला जाणाऱ्या आजी-आजोबांना विचारा, मुलांनी ॲप भरून दिलेलं असतं आणि पहिल्याच गेटवर फोनची बॅटरी गेलेली असते. ग्रुपवर माझ्याशी भांडणाऱ्यांपैकी दोघांनी शेवटी हरकती पाठवल्या. दोघांचीही आई त्या उन्हाळ्यात इथे होती.

हरकती किती आल्या? दोन्ही संस्थांकडे मिळून साडेसात लाखांहून जास्त. ज्या विषयात 'कोणालाच रस नाही' त्यावर.

संस्थांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंपन्यांशी बोलून पाहिलं, काही कंपन्यांनी वेळा वाढवून सुधारित प्रस्ताव दिले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला दोन्ही संस्थांनी सगळ्याच्या सगळ्या प्रस्तावांवर आक्षेप नोंदवला. त्याच दिवशी वाहतूकमंत्री मार्क हार्पर यांनी कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं, कारण म्हणे ते सरकारने ठेवलेल्या कसोटीला उतरत नाहीत. हे वाचून मी स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. कोविडनंतरच्या करारांत तिकिटांचे पैसे सरकारच्याच खात्यात जातात आणि खर्चही सरकारच देतं. मंत्रालयाची मान हलल्याशिवाय कंपन्यांनी नोटिसांचा एक कागद तरी छापला असता का? पण निवडणूक वर्षभरावर आली होती, आणि मतदारसंघातल्या स्टेशनची खिडकी हा सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनाही घाम फोडणारा विषय झाला होता. मंत्र्यांना दिसलेली कसोटी बहुधा ती असावी.

नोव्हेंबरअखेर पगाराच्या वादावरही तडजोड झाली, आरएमटीच्या सभासदांनी मोठ्या बहुमताने ती स्वीकारली. खिडकीवरची नोटीस काढली गेली. तिच्या चिकटपट्टीचे डाग मात्र काचेवर बरेच महिने होते.

आता जिंकलो म्हणून जे ढोल वाजले त्याबद्दल थोडं. खिडक्या वाचल्या, हे खरं. पण नोटीस लावून बंद करता आलं नाही म्हणून आपोआप बंद पडणं थांबतं असं नाही. आमच्या स्टेशनवर पाटीवर लिहिलेली वेळ आणि प्रत्यक्ष शटर वर असण्याची वेळ यांत फरक पडायला लागलाय. ती बाई रजेवर असली की बदली माणूस येतोच असं नाही. बाबांचा सरेंडरचा धडा इथेही तसाच गिरवला जाताना मी बघते. कमी दिवस उघडी, म्हणून कमी विक्री, म्हणून पुढच्या खेपेला १२ ऐवजी ८ टक्के आणि पुन्हा तोच प्रस्ताव.

म्हणूनच युनियनची जुनी मागणी मला 'खिडक्या वाचवा' पेक्षा महत्त्वाची वाटते: पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत प्रत्येक स्टेशनवर माणूस. रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरणारी बाई मी एकटीच नाही. रात्री साडेअकराला त्या पुलावरून जाताना कोणी कर्मचारी दिसावा असं मला वाटतं, ते तिकिटासाठी नाही. या मागणीला पैसे लागतील, खूप लागतील, आणि युनियन ते कुठून आणायचे याचा हिशेब पत्रकावर छापत नाही. ती तिची कमजोरी आहे. बाबा इथे असते तर म्हणाले असते, हिशेब जुळवून दाखवा.

२०२४ मध्ये सरकार बदललं, गाड्या पुन्हा सरकारी मालकीत आणायचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, आणि २५ मे २०२५ ला त्या कायद्याखालची पहिली कंपनी, साउथ वेस्टर्न रेल्वे, सरकारकडे आली. पाठोपाठ बाकीच्याही येऊ लागल्या. मालक बदलला की स्टेशनवर माणसं वाढतात, असा माझा अनुभव नाही. मी सरकारी रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये वाढले आहे.

त्या बाईने मध्यंतरी मला एक सांगितलं, ते इथल्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. पाटीवरच्या वेळेत शटर खाली दिसलं तर तोंडी कुरकुर करू नका, ती कुठे नोंदली जात नाही. पाटी आणि शटर एका फोटोत घ्या, तारीख-वेळ लिहा, कंपनीच्या तक्रार पत्त्यावर पाठवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रेल ओम्बड्समनकडे, म्हणजे रेल्वेच्या तक्रारींच्या स्वतंत्र लवादाकडे जा. विषय त्याच्या कक्षेबाहेरचा असेल तर तो ट्रान्सपोर्ट फोकसकडे, लंडनकडचे असाल तर लंडन ट्रॅव्हलवॉचकडे जातो. मला आलेलं पहिलं उत्तर तीन ओळींचं होतं, 'कर्मचारी उपलब्ध नसल्यामुळे'. बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांचा उलट निरोप आला: "सँक्शन्ड स्ट्रेंग्थ, मंजूर जागा किती आणि हजर किती, ते विचार. लेखी."